आजोबा नाव विसरतात तेव्हा मेंदूत काय होतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, लालबाग-परळच्या आपल्या वर्गांत आजी-आजोबांजवळ वाढणारी मुलं बरीच असतात. "आजोबा मला ओळखतच नाहीत" असं एखादं मूल म्हणालं, तर "म्हातारपणी असंच होतं" एवढं उत्तर पुरत नाही. स्मृतिभ्रंश हा आजार आहे आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं बिघडतात. अमिलॉइड बीटाचे रेणू एकमेकांना चिकटून मेंदूच्या पेशींबाहेर साचतात. टाऊचा पेशींच्या आत गुंता होतो. वर्गात लोकरीचा गुंता दाखवा, मुलांना पटकन कळतं. पण साचलेल्या मोठ्या थरांपेक्षा छोट्या गुठळ्याच जास्त घातक असाव्यात, असं अनेक संशोधकांना वाटतं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. सुदीप्त मैती यांच्या गटाने यावरच काम केलंय: सुटा रेणू पेशीच्या पडद्याला फारसा चिकटत नाही, छोटी गुठळी मात्र चिकटते.

मग औषध? लेकानेमॅब अमिलॉइडला पकडून बाहेर काढतं. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही! शिवाय काहींच्या मेंदूत सूज आणि बारीक रक्तस्राव दिसला. तेही फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. तेव्हा 'चमत्कारी औषध' म्हणून येणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुढे ढकलू नका.

घरात कुणाचं विसरणं वाढलं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. कधी कधी त्यामागे थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरताही निघते, आणि त्यावर उपचार आहेत.