मूर्तीचे जतन आणि देवतेचा हक्क

प्राचीन मूर्ती संग्राहकासाठी कलावस्तू असते. भाविकासाठी ती साक्षात देवता असते. जतनाच्या नीतीचा प्रश्न येथेच उद्भवतो.

तमिळनाडूतील पाथूरच्या नटराजाची कांस्यमूर्ती हे याचे बोधप्रद उदाहरण होय. १९७६ मध्ये भग्न शिवमंदिराजवळ एका मजुरास ती भूमीत सापडली व अनेक हातांतून लंडनला पोहोचली. १९८२ मध्ये कॅनडातील एका कंपनीने ती विकत घेतली. संवर्धनासाठी ब्रिटिश म्युझियमकडे दिली असता पोलिसांनी ती जप्त केली. दीर्घ खटल्याअंती १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मंदिराचा दावा मान्य केला आणि नटराज स्वदेशी परतले. मंदिर भग्न झाले, तरी त्याचा हक्क लोपला नव्हता.

धातू व पाषाण राखणे हे जतनाचे एक अंग. मूर्तीचे स्थान आणि तिच्याशी जोडलेला समाज राखणे हे दुसरे. म्हणून प्रत्येक देवस्थानाने मूर्तींची छायाचित्रे व मापांसह नोंद ठेवावी. दात्यांनी जीर्णोद्धाराबरोबरच या कार्यासही साहाय्य करावे. भूमीत मूर्ती आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांस त्वरित कळवावे. मौन बाळगल्यास देवता पोरकी होते.