मी माणूस आहे

पाठाविषयी थोडेसे

अमेरिकेतील मेम्फिस या शहरात १९६८ साली सफाई कामगारांनी संप केला. त्या संपाची हकिगत आपण या पाठात वाचणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण दिवसभर काम करून संध्याकाळी पुस्तक उघडणारे आहेत. रोजंदारी, खाडा, मुकादम हे शब्द आपल्याला नव्याने शिकवावे लागणार नाहीत. म्हणून आपण येथे एका वेगळ्या गोष्टीकडे अधिक लक्ष देऊ. काम करणाऱ्या माणसाला हाक कशी मारली जाते, आणि त्या हाकेचा त्याच्या मजुरीशी, त्याच्या जिवाशी काय संबंध असतो, ही ती गोष्ट होय.

मूळ पाठ

मेम्फिस हे टेनेसी राज्यातील, मिसिसिपी नदीच्या काठावरचे शहर. कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून ते नावारूपाला आले. कापूस पिकवणारे हात प्रामुख्याने काळ्या लोकांचे होते, आधी गुलाम म्हणून आणि गुलामगिरी संपल्यावर शेतमजूर व वाटेकरी म्हणून. विसाव्या शतकात शेतीवर यंत्रे आली तेव्हा यांतील पुष्कळ कुटुंबे शहरात आली. शहरात त्यांच्यासाठी जी कामे मोकळी होती, त्यांपैकी एक म्हणजे कचरा उचलणे.

१९६४ च्या कायद्याने अमेरिकेत उपाहारगृहे, वसतिगृहे, नोकऱ्या यांतील वंशभेद बेकायदेशीर ठरला होता. १९६५ च्या कायद्याने काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण मिळाले होते. म्हणजे १९६८ साली कागदावर बरेच काही मिळालेले होते. पण पहाटे कामावर जाणाऱ्या सफाई कामगाराच्या दिवसात त्यामुळे फारसा फरक पडला नव्हता. कचरा उचलणारे जवळजवळ सर्व काळे आणि त्यांच्यावरचे मुकादम गोरे, ही व्यवस्था तशीच होती. घरांच्या मागच्या अंगणात जाऊन तेथील कचरा मोठ्या टबांत भरायचा, आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचा. टबांना भोके पडलेली असत. त्यांतून गळणारे घाण पाणी मानेवरून, कपड्यांवरून ओघळे. मजुरी इतकी तुटपुंजी होती की पूर्णवेळ काम करूनही कित्येकांची कुटुंबे सरकारी मदतीस पात्र ठरत. पाऊस आला तर काळ्या कामगारांना घरी पाठवले जाई व त्यांचा दिवस बुडे. गोरे मुकादम मात्र थांबत आणि पूर्ण पगार घेत.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी असाच पाऊस पडत होता. एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार निवाऱ्यासाठी कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. गोऱ्या वस्तीत एखाद्या घराच्या पडवीत क्षणभर थांबण्याची त्यांना मुभा नव्हती. गाडी जुनी होती. कचरा दाबणारे तिचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मरण पावले. या गाड्या धोकादायक आहेत, अशी तक्रार कामगारांनी त्यापूर्वीच केलेली होती. कामावर मृत्यू आल्यास मिळणाऱ्या कायदेशीर भरपाईचे संरक्षण या कामगारांना नव्हते. शहराने कुटुंबांना एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर दिले.

अकरा दिवसांनी, म्हणजे १२ फेब्रुवारीला, सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत.

त्यांच्या मागण्या साध्या होत्या. मजुरी वाढवा, सुरक्षित साधने द्या, पावसाच्या दिवशीचा भेदभाव थांबवा, आमच्या संघटनेला मान्यता द्या आणि तिची वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय करा. यांतील शेवटच्या दोन मागण्यांवर सारे अडले. महापौर हेन्री लोब यांचे म्हणणे असे की, सार्वजनिक सेवेतील कामगारांचा संप बेकायदेशीर आहे आणि आपण संघटनेशी लेखी करार करणार नाही. एकेकट्या कामगाराने येऊन गाऱ्हाणे सांगावे, ते ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती. ही वृत्ती आपल्याला अनोळखी नाही. ‘मायबाप’ हा शब्द आपल्या भाषेत तिच्यासाठीच आहे. मायबापाकडे विनंती करता येते, करार करता येत नाही. विनंती मान्य झाली तर तो उपकार ठरतो, आणि करार मोडला तर दाद मागता येते. मेम्फिसचे कामगार भांडत होते ते या फरकासाठी.

विचार करा : ‘विनंती’, ‘मागणी’ आणि ‘करार’ या तीन शब्दांत बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते कसे बदलत जाते?

२३ फेब्रुवारीला कामगारांनी मोर्चा काढला. पोलिसांनी मोर्चेकऱ्यांच्या तोंडावर डोळ्यांची आग करणारा ‘मेस’ नावाचा रासायनिक फवारा मारला. यात शहरातील काळे धर्मोपदेशकही सापडले. तोवर हा केवळ कचरा कामगारांचा तंटा होता. त्या दिवसानंतर तो साऱ्या काळ्या वस्तीचा प्रश्न झाला. लोकांनी शहराच्या मध्यवर्ती बाजारातील दुकानांवर आणि संपाविरुद्ध लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांवर बहिष्कार घातला. या लढ्याला दिशा देणाऱ्या समितीचे नेतृत्व रेव्हरंड जेम्स लॉसन यांच्याकडे आले.

मराठी वाचकाने लॉसन यांच्याविषयी थोडे अधिक जाणून घ्यावे असे आहे. तरुणपणी सक्तीच्या लष्करी भरतीला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर १९५३ ते १९५६ या काळात मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून ते आपल्या नागपुरात होते व तेथील हिस्लॉप महाविद्यालयात काम करीत होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी येथे राहून केला. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी वाचली, तीही नागपुरातच. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्यांची भेट झाली, आणि किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेकडील राज्यांत कामाला गेले. अपमान सहन करूनही हात न उगारण्याचे शिक्षण त्यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना रीतसर वर्ग घेऊन दिले. २०२४ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वंशभेदाचे मूळ, माणसाला माणूस न मानण्यात आहे, असे लॉसन संपकऱ्यांना सांगत. मार्चअखेरच्या मोर्च्यांत जे फलक कामगारांच्या हाती दिसले, त्यांवर हाच विचार मोठ्या अक्षरांत छापलेला होता : ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे. शेकडो हातांत शेकडो फलक, आणि सर्वांवर एवढेच वाक्य. मजुरीचा आकडा नाही, महापौरांचे नाव नाही, गाडीचा उल्लेख नाही.

भाषेच्या अभ्यासकाने या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. जी गोष्ट डोळ्यांना दिसते ती कोणी लिहून मिरवत नाही. मग हे वाक्य लिहावेसे का वाटले?

त्याचे उत्तर ‘बॉय’ या शब्दात आहे. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या पुरुषाला, तो साठ वर्षांचा असला तरी, गोरा माणूस ‘बॉय’ म्हणजे ‘पोऱ्या’ म्हणे किंवा नुसत्या नावाने हाक मारी. उलट त्याने मात्र ‘सर’ म्हणायचे. स्त्रियांचीही तीच गत. १९६३ साली अलाबामा राज्यातील एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या काळ्या स्त्रीला सरकारी वकिलाने नुसते ‘मेरी’ म्हटले. गोऱ्या साक्षीदारांप्रमाणे आपल्यालाही ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याखेरीज आपण उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाचा अवमान केला म्हणून त्यांना शिक्षा झाली. अखेर १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एका संबोधनासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यावरून संबोधन ही किती जड वस्तू आहे ते कळते.

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशी उतरंडच आहे. आपण आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो. म्हणून ‘तू’ हा शब्द स्वतः अपमानाचा नाही. कसोटी वेगळी आहे. ज्याला आपण ‘तू’ म्हणतो, तो आपल्याला उलट ‘तू’ म्हणू शकतो का? कार्यालयात पंचावन्न वर्षांच्या शिपायाला ‘अरे, चहा आण’ म्हणणारा पंचविशीतला साहेब ‘अरे साहेब’ ही हाक ऐकून घेईल का? घेणार नसेल, तर त्या ‘अरे’मध्ये जवळीक नाही. आणि ज्याला आपण पोऱ्या म्हणतो त्याच्या तक्रारीला पोराची कुरकुर समजतो. कामगारांनी गाडी धोकादायक आहे असे सांगितले होते; ते कोणी मनावर घेतले नाही, आणि दोन माणसे गेली. हाकेचा जिवाशी संबंध असतो तो असा.

या वाक्याला आणखी एक जुना संदर्भ आहे. १७८७ साली इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी जोसाया वेजवुड यांच्या कारखान्याने एक पदक तयार केले. त्यावर गुडघे टेकलेला, साखळदंडांनी जखडलेला, हात जोडलेला एक काळा गुलाम होता, आणि भोवती शब्द होते : मी माणूस नाही का, भाऊ नाही का? तो प्रश्न होता, आणि उत्तर देण्याचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हाती होता. मेम्फिसच्या कामगारांनी प्रश्नचिन्ह काढून टाकले. त्यांच्या फलकावर ‘ॲम’ या क्रियापदाखाली रेघ ओढलेली आहे. मराठीत सांगायचे तर भर ‘माणूस’वर नसून ‘आहे’वर आहे. मराठी बोलताना हा ‘आहे’ आपण कितीदा गाळतो! व्याकरणात ज्याला आपण साधे सहायक समजतो, त्या क्रियापदाने येथे सारा भार उचलला आहे.

मार्टिन ल्यूथर किंग १८ मार्चला मेम्फिसमध्ये बोलले. २८ मार्चच्या मोर्चात काही जणांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी बळाचा वापर केला आणि सोळा वर्षांचा एक काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मारला गेला. शहरात राखीव सैनिक आले. दुसऱ्याच दिवशी कामगार पुन्हा रस्त्यावर होते : एका बाजूला संगिनी रोखलेले सैनिक, दुसऱ्या बाजूला चिलखती गाड्या, आणि मधून एका रांगेत, गळ्यात फलक अडकवून शांतपणे चालणारी माणसे. ती छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांची गोळी घालून हत्या झाली. ते ३९ वर्षांचे होते. चारच दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक मेम्फिसच्या रस्त्यांवरून घोषणा न देता चालत गेले.

१६ एप्रिलला संप मिटला. तो ६५ दिवस चालला. संघटनेला मान्यता मिळाली, तक्रार निवारणाची पद्धत ठरली, वर्गणी कापण्यासाठी पतसंस्थेमार्फत वाट काढण्यात आली. मजुरीत तासाला आधी १० सेंट आणि नंतर ५ सेंट वाढ झाली. एवढ्या किमतीत एवढीच वाढ, असे कोणाला वाटेल. पण १,३०० माणसांचे म्हणणे प्रथमच कागदावर, दुसऱ्या पक्षाच्या संमतीने उतरले होते. तरीही सर्व हिशेब तेव्हा मिटला नाही. शहराच्या निवृत्तिवेतन योजनेबाहेर राहिल्यामुळे यांतील अनेकांना म्हातारपणीही काम करावे लागले. २०१७ साली मेम्फिस शहराने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले. तेव्हा त्यांच्यातील थोडेच उरले होते.

अमेरिकेतील वंशभेद आणि आपल्याकडील जातिभेद ही एकच गोष्ट नव्हे; त्यांचा इतिहास वेगळा, त्यांना मिळालेले धार्मिक व कायदेशीर आधारही वेगळे. मात्र घाणीचे काम जन्मावरून वाटून द्यायचे आणि मग त्या कामावरून माणसाची किंमत करायची, ही रीत दोन्हीकडे दिसते. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. त्या बातम्यांत पुष्कळदा ‘तीन सफाई कामगारांचा मृत्यू’ एवढेच असते. नावे असली तर शेवटच्या ओळीत.

शब्दार्थ

वाटेकरी – दुसऱ्याची जमीन कसून पिकाचा वाटा घेणारा. तुटपुंजी – अपुरी. दाद मागणे – न्याय मागणे. उतरंड – एकावर एक रचलेली मडकी, (येथे) वरपासून खालपर्यंतच्या पायऱ्या. संगीन – बंदुकीच्या टोकाला लावायचे पाते. सज्जा – इमारतीचा बाहेर आलेला भाग.

स्वाध्याय

१. ‘मायबापाकडे विनंती करता येते, करार करता येत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. १७८७ च्या पदकावरील वाक्य आणि १९६८ च्या फलकावरील वाक्य यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा. वाक्यप्रकार बदलल्याने अर्थात काय बदल झाला?

३. आपण राहता त्या प्रांतातील भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांना कोणते शब्द आहेत? आपल्या कामाच्या ठिकाणी कोण कोणाला यांपैकी काय म्हणते, याची एका दिवसाची नोंद ठेवा.

४. आपल्या गल्लीतील कचरा रोज उचलणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव काय? माहीत नसल्यास विचारून घ्या, आणि त्यांच्या कामाच्या वेळा, साधने व अडचणी यांवर त्यांच्या संमतीने पंधरा ओळी लिहा.