साधन आणि साधना

ठाण्याहून बाळकुमच्या वाटेने खाडीवरील कशेळीचा पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर काल्हेर गाव लागते. येथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. घरबसल्या मागविलेल्या कितीतरी वस्तू भिवंडी परिसरातील अशाच गोदामांतून आपल्या दारी येतात.

मुलांनो, ही गोदामे पाहिली, की माझ्या मनात प्रश्न येतो : वस्तूबरोबर छंदही दारी येतो काय?

सेवानिवृत्तीनंतर मी धावण्याचे उत्तम बूट मागविले. चार दिवस उत्साहात गेले. पाचव्या दिवशी बूट फडताळात गेले आणि मी अंथरुणात! बूट माझे झाले. धावणे मात्र माझे झाले नाही.

याउलट, सातारा जिल्ह्यातील मोही या दुष्काळी भागातील गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरण पाहा. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलीने धावण्याचा ध्यास घेतला. ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी या शर्यतीची अंतिम फेरी गाठली व दहावे स्थान मिळविले. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिलेने धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत असे यश मिळविले.

खरेदी करणे वाईट नव्हे. परंतु बाजारात साधन मिळते, साधना मिळत नाही. ती रोज पहाटे आपली आपणच करावयाची असते.

उद्या मीही फडताळ उघडणार आहे.