वादविवादाचा सराव : चलनाची प्रसिद्धी की सार्वजनिक स्मारक?



'सरकारने जनतेचा पैसा आधी कशावर खर्च करावा?' हा विषय वादविवाद स्पर्धांत या ना त्या रूपात येतोच. आज त्यातलं एक रूप घेऊ. ठराव असा समजा : 'या सभागृहाचे असे मत आहे की, सरकारने चलनाच्या प्रसिद्धीपेक्षा सार्वजनिक स्मारकांवरील खर्चाला प्राधान्य द्यावे.'

बोलायला उभं राहण्याआधी विषय नीट उलगडून घेऊ. घोषणा सगळ्यांना येतात, पण गुण मुद्द्यांना मिळतात.

१. शब्दांचा अर्थ

चलनाची प्रसिद्धी म्हणजे पैशाबद्दल लोकांना केलेलं सांगणं. खरी नोट कशी ओळखायची, फाटकी नोट कुठे बदलायची, कोणतं नाणं चालतं, हे सगळं त्यात येतं. रिझर्व्ह बँकेची 'आरबीआय कहता है' ही मोहीम याच प्रकारची. नोटाबंदीनंतर डिजिटल व्यवहार वाढावेत म्हणून २५ डिसेंबर २०१६ पासून 'लकी ग्राहक' आणि 'डिजिधन व्यापार' या बक्षीस योजना सुरू झाल्या. त्यांचा अंदाजित खर्च सुमारे ३४० कोटी रुपये होता.

स्मारकाचं उदाहरण म्हणून आपल्याला जवळचं असलेलं दादरचं इंदू मिलच्या जागेवरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं स्मारक घेऊ. त्याचं भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झालं. २०२० मध्ये पुतळ्याची उंची वाढवून चौथऱ्यासह ४५० फूट करायचं ठरलं आणि सुधारित खर्च सुमारे १,०९० कोटींवर गेला.

२. पैसा कोणाच्या खिशातला?

हा मुद्दा बहुतेक स्पर्धक विसरतात. 'जाहिराती बंद करा, त्या पैशात स्मारक बांधा' हे वाक्य टाळ्या घेतं, पण हिशोबात बसत नाही. रिझर्व्ह बँक स्वतःच्या उत्पन्नातून खर्च करते आणि उरलेली शिल्लक केंद्र सरकारला देते. इंदू मिलचं स्मारक हे राज्य शासनाचं काम आहे. म्हणजे दोन तिजोऱ्या वेगळ्या.

तरीही दोन्ही पैसे शेवटी आपलेच, हेही लक्षात ठेवा. २०१६-१७ मध्ये नोटा छापण्याचा खर्च ३,४२१ कोटींवरून ७,९६५ कोटींवर गेला. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने केंद्राला दिलेली शिल्लक ३०,६५९ कोटी होती. आदल्या वर्षी ती ६५,८७६ कोटी होती. घट होण्याची कारणं अनेक होती, त्यातलं एक छपाईचा वाढलेला खर्च. एका ठिकाणी खर्च वाढला की दुसरीकडे काहीतरी कमी होतं. अर्थशास्त्रात यालाच आपण 'संधी खर्च' म्हणतो.

३. ठरावाच्या बाजूने

- जाहिरात आज छापली की उद्या रद्दीत जाते. स्मारक पिढ्यान्‌पिढ्या राहतं. हिशोबाच्या भाषेत पहिला महसुली खर्च, दुसरा भांडवली.
- ज्या समाजांचा इतिहास पुस्तकांत उशिरा आला, त्यांच्यासाठी स्मारक ही हक्काची जागा असते. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. ही गर्दी कोणत्याही जाहिरातीने आणलेली नसते.
- माहितीच्या नावाखाली नेत्यांचे फोटो छापले जातात. सर्वोच्च न्यायालयाला १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून द्यावी लागली, ती उगाच नाही.

४. ठरावाच्या विरोधात

- नोट म्हणजे विश्वास. लोकांना खात्री नसेल तर कागद कागदच राहतो.
- अफवेचा फटका आधी गरिबाला बसतो. श्रीमंत माणूस कार्ड पुढे करतो, भाजीवालीकडे मात्र सुट्टे पैसेच असतात.
- स्मारकाचा खर्च वेळेबरोबर फुगतो. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. घोषणा करणं सोपं, पूर्ण करणं अवघड.

५. आता एका नाण्याकडे बघा

वरच्या दोन्ही बाजू ऐकताना वाटतं की चलन एकीकडे आणि स्मारक दुसरीकडे. पण दहा रुपयांचं नाणं हातात घ्या.

बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, त्यांची प्रतिमा असलेलं दहा रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. हे नाणं म्हणजे एक छोटं स्मारकच. त्याला जमीन लागत नाही, चौथरा लागत नाही, ते हातोहात फिरतं. आणि ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, हिल्टन यंग आयोगापुढे चलनाबद्दल साक्ष दिली, त्यांच्यासाठी याहून योग्य जागा कोणती?

पण झालं काय? दहाची नाणी खोटी आहेत अशी अफवा पसरली. कोणी रेघा मोजायला लागलं, कोणी ₹ हे चिन्ह आहे का ते बघायला लागलं. अनेक ठिकाणी दुकानदार, रिक्षावाले दहाचं नाणं घेईनात. २० नोव्हेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा सांगावं लागलं की आतापर्यंत काढलेले चौदाही नमुने वैध आहेत. त्या चौदांत बाबासाहेबांचं नाणंही होतं.

म्हणजे स्मारक खिशात होतं, पण ते काउंटरवर नाकारलं जात होतं. कारण कायदा लोकांपर्यंत पोहोचला नव्हता. नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत. हे किती जणांना माहीत आहे? तुमच्या वर्गातच विचारून बघा.

६. मग भूमिका काय घ्यावी?

माझं मत स्पष्ट सांगते. 'प्रसिद्धी' या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो : माहिती आणि वाहवा. 'हे नाणं घ्या, ते वैध आहे' ही माहिती झाली. ती मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे, तिचा खर्च स्मारकासाठीही कापू नये. 'बघा आम्ही किती छान निर्णय घेतला' ही वाहवा. तिच्यावरचा प्रत्येक रुपया वाचवावा.

स्मारकालाही हीच कसोटी लावा. तिथे ग्रंथालय, अभ्यासिका, संग्रहालय चालणार का? देखभालीची तरतूद आहे का? काम ठरल्या वेळेत होणार का? उत्तर 'हो' असेल तर ते स्मारक. उत्तर नुसतंच 'जगात सर्वांत उंच' असं असेल, तर तीही एक जाहिरातच आहे, फक्त दगडाची किंवा धातूची.

तेव्हा सभागृहात बाजू कोणतीही मिळो, प्रतिस्पर्ध्याला एवढंच विचारा : या खर्चाने लोकांच्या हातात नेमकं काय आलं?

स्वाध्याय

१. महसुली व भांडवली खर्चातला फरक प्रत्येकी दोन उदाहरणांसह लिहा.
२. घरातली दहा रुपयांची नाणी गोळा करा. किती वेगवेगळे नमुने मिळाले? प्रत्येकावर कोणाची किंवा कशाची आठवण कोरली आहे?
३. आपल्या गावातल्या एका स्मारकाला भेट द्या. त्याची देखभाल कोण करतं, तिथे वर्षभर काय चालतं, याची दहा ओळींत नोंद करा.
४. वरच्या ठरावावर तुम्हाला न पटणारी बाजू घेऊन तीन मिनिटांचं भाषण तयार करा. खरा सराव त्यानेच होतो!