मोरी का तुंबते?

आपला खानदेश कापसाचा मुलूख. जळगाव, धुळे भागात घरोघर सुती कपडे, गोधड्या. धुताना त्यांचे बारीक तंतू सुटतात. आता कित्येक घरी धुण्याचे मशीन आले. त्याच्या पाण्यातही हे तंतू असतात. साबणाच्या मळीत ते चिकटतात, मोरीच्या नळीत बोळा होऊन बसतात. शोषखड्ड्यात गेले तर दगडांच्या फटी बुजतात. आपली काळी माती आधीच पाणी हळू जिरवते! मग पाणी अंगणात. हत्तीपाय पसरवणारा डास अशाच घाण पाण्यात वाढतो.

आम्ही जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी केला. मशीनच्या नळीच्या तोंडाला सुतळीने सैलसर पिशवीसारखा बांधला. चार धुण्यांत मूठभर लगदा निघाला. पिशवी दर धुण्याला साफ करा, नाहीतर पाणी मागे तुंबेल. टेरिकॉटचा लगदा उकिरड्यावर टाकू नका. तो पूर्ण कुजत नाही.