सुप्याच्या माळावर सायकल

पहिलं काम नकाशावर करायचं. फोनवर नुसतं 'सुपे' टाकलंत तर तो तुम्हाला पारनेर तालुक्यातल्या, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या सुप्याला नेऊ शकतो. आमच्यातला एकजण असाच तिकडे पोचला, चहा प्यायला आणि परत आला. आपल्याला हवं ते बारामती तालुक्यातलं सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. त्याच्या शिवारात मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली घोषित झालेलं, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. घनदाट काही नाही. गवत, खुरटी बाभूळ, मुरूम आणि चिंकारा. पहिल्यांदा बघणारा विचारतो, "अभयारण्य कुठाय?" आपण त्याच्या कडेलाच उभे असतो.

रस्ता असा: जेजुरी, मोरगाव, सुपे आणि आल्या वाटेने परत. जेजुरी ते मोरगाव 17 किलोमीटर, तिथून सुप्याकडे आणखी दहा-बारा. इकडेतिकडे थोडं हिंडणं धरून दिवसाचे 60 होतात. पुण्यापासून सायकल चालवत यायचा मोह टाळा. दिवे घाटातला धूर नाकातोंडात भरून माळावर पोचण्यात काही शौर्य नाही. गाडीच्या मागे सायकल बांधून जेजुरीपर्यंत या आणि तिथून सुरुवात करा.

दिवस निवडताना कॅलेंडर नाही, पंचांग बघा. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे जेजुरीत गाड्यांची रांग. सोमवती अमावस्येला तर नावच काढू नका. मोरगावचा गणपती अष्टविनायकातला, त्यामुळे चतुर्थीला तो रस्ता आपला नाही. आषाढीच्या आधी माउलींची पालखी सासवड-जेजुरीवरून जाते, ते दिवसही सोडा. उरलेल्यांतला एखादा शनिवार किंवा मधला वार उत्तम. महिना म्हणाल तर पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. सप्टेंबरात माळ हिरवा असतो, डिसेंबरात सोनेरी. मला डिसेंबरातला जास्त आवडतो, कारण तेव्हा भोवत्या आलेले असतात. गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाणारा हा शिकारी पक्षी सायकलच्या बरोबरीने चालतो आणि मग कंटाळल्यासारखा वळतो.

वारा विसरू नका. मे ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, जोरकस. तेव्हा जेजुरीहून निघालात तर जाताना वाटतं आपण फारच तयार झालोय, आणि परतताना कळतं की तयारी वाऱ्याची होती. त्या महिन्यांत उलट करा: गाडी सुप्यात लावा, सकाळी ताज्या पायांनी वाऱ्याला तोंड देत जेजुरी गाठा आणि वारा पाठीशी घेऊन परत या. हिवाळ्यात सकाळचा वारा मंद आणि बहुधा पूर्वेचा. तेव्हा जेजुरीहूनच निघावं.

आदल्या रात्री हवा भरून ठेवा. 28 मिमीचा टायर आणि 65-70 किलोचा माणूस असेल तर मागे 75 ते 80 पीएसआय, पुढे पाचेकने कमी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. पिशवीत दोन ट्यूब (एक नव्हे), दोन-तीन लिव्हर, पॅच-सोल्युशन, छोटा पंप, एक सेफ्टी पिन, भुवयांचा चिमटा आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा. प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर बसणारी पितळी टोपीही घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तिच्याशिवाय तुमच्या कामाचा नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत लिंबू-मीठ-साखर. खायला केळी, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. एनर्जी जेल कोणी घेऊ नये असं मी म्हणत नाही, पण गुळाची पोळी खिशात वितळत नाही.

सकाळी सव्वासहाला दिवे लावून निघा. मोरगावपर्यंत कऱ्हा नदीच्या प्रवाहाबरोबरच जायचं असल्याने रस्ता एकंदर उताराचा आहे. इथे पाय मोकळे होऊ द्या, जोर लावू नका. गाळप हंगाम चालू असेल तर उसाचे ट्रॅक्टर भेटतील. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला, आणि आत मोठ्याने गाणी. ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही, दिसतही नाही. त्याला ओलांडायचं तर समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला पाहिजे. नाहीतर मागे राहा. समोरून आला तर कडेच्या मुरुमावर उतरा.

मोरगावात थांबू नका. हे अवघड आहे, कारण देवळासमोर पोहे-चहाचा वास येतो. पण चिंकारा तुमचा नाश्ता होईपर्यंत थांबत नाही. ऊन चढलं की तो बाभळीच्या सावलीत बसतो आणि मातीच्या रंगात मिसळून जातो. एक केळं खा आणि पुढे चला. दर्शन आणि नाश्ता दोन्ही परतीला.

सुप्याच्या माळाला लागलात की वेग निम्मा करा. इथे एक गोष्ट करायची जी कोणी सांगत नाही: पायडल मारणं थांबवू नका. पाय थांबले की फ्रीव्हील कटकट वाजायला लागतं आणि शांत सकाळी तो आवाज माळभर जातो. हलकं गिअर, हळू पाय, म्हणजे सायकल मुकी राहते. चिंकारा दिसला की त्याच्या समोर ब्रेक लावू नका. चालत्या गोष्टीकडे तो फारसं लक्ष देत नाही. थांबलेल्या गोष्टीची मात्र त्याला धास्ती. पंधरा-वीस कदम पुढे जा, एखाद्या झाडाशी हळूच थांबा आणि सायकलला धरूनच उभे राहा. मग नीट बघा. काळी शेपटी सारखी हलत असते. शिंगं नरालाही असतात आणि मादीलाही, मादीची बारीक. त्याने पुढचा पाय आपटला आणि शिंकल्यासारखा आवाज केला तर समजा, तुम्ही जास्त जवळ आलात. मागे फिरा.

रस्ता सोडून गवतात शिरू नका. आत जायचं तर फाटकावर वनखात्याच्या माणसाला विचारून, तो सांगेल तसं, सायकल बाहेर लावून. पाणवठे जनावरांसाठी आहेत. तिथे बाटली भरायची नाही, तोंड धुवायचं नाही.

मेंढरांचा कळप रस्त्यावर आला तर घंटी वाजवू नका. कडेला उभे राहा, पाच मिनिटांत जातो. धनगराचा कुत्रा मात्र तुमच्यावर येईल, कारण लांडग्याच्या मुलखात अनोळखी वस्तूवर धावून जाणं हीच त्याची नोकरी. पळू नका. खाली उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मधे धरा आणि मालकाला हाक मारा: "दादा, कुत्रं आवरा!" ते आवरतात. वर चौकशीही करतात की एवढी महागाची सायकल, मग इंजिन का नाही.

आता मुख्य विषय, पंक्चर. होणारच. सराटा सुकला की तो कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर तोंड करून राहतो. बाभळीचा काटा त्याहून वाईट: आत घुसतो, बाहेरचा भाग मोडून पडतो आणि टोक रबरात राहतं. मागचं चाक असेल तर आधी साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणा, मग चाक काढा. उरलेली हवा सोडा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घालून टायरची एकच कड उचला. ट्यूब ओढून काढा, पण टायर रिमवर होता तसाच राहू द्या. टायरवरचं कंपनीचं नाव कायम व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवायची सवय असेल तर आत्ता तिचा उपयोग: ट्यूबमध्ये हवा भरून ती गालाजवळ फिरवा, जिथे गार लागेल तिथे भोक. ते व्हॉल्व्हपासून जेवढं लांब, टायरमध्येही काटा तेवढ्याच अंतरावर, या नाहीतर त्या बाजूला.

मग टायरच्या आतून बनियनचा तुकडा फिरवा. बोट नको, रक्त निघतं. कापड अडकलं की काटा सापडला. सेफ्टी पिनने आतून बाहेर ढकला, चिमट्याने ओढा. आणि एक सापडला म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी करा. मी एकदा घाईत ही फेरी गाळली. नवी ट्यूब घातली, अर्धा किलोमीटर गेलो आणि मागचं चाक पुन्हा बसलं. दुसरी ट्यूब नव्हती. सुप्यातल्या पंक्चरवाल्याने टायरात हात घालून दोन टोकं काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, काटा तसाच ठिवून ट्यूब बदलली व्हय?" त्याने पैसे नेहमीचेच घेतले.

नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात फुंकरभर हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड अंगठ्यांनी बसवा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. लिव्हरने दाबून बसवलीत तर ट्यूब चिमटते आणि सगळं पहिल्यापासून. दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना बघा, मग पंप. हातपंपाने दोन-तीनशे ठोके लागतात. सोबत्याबरोबर वाटून घ्या.

दहाच्या आत परत फिरा. मोरगावात आता निवांत थांबा. चार कोपऱ्यांत मिनारासारखे खांब असलेलं देऊळ आणि गणपतीसमोर नंदी, हे दुसरीकडे सहसा दिसणार नाही. बुटांत टोचत असेल ते कुसळी गवत आहे. मोजे इथेच काढून कुसळं वेचा. शेवटचे 17 किलोमीटर चढाचे आणि उन्हाचे. दोन्ही बाटल्या भरून निघा आणि तासाला अर्धा-पाऊण लिटर पीत राहा.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी टायर एकदा हातात घ्या. मागच्या खेपेला माझ्या मागच्या टायरमध्ये सात काटे निघाले. त्यातले दोन ट्यूबपर्यंत पोचायला केसभर बाकी होते.