वेळ अमावास्येचे सहभोजन : जीवनशिक्षणाचा एक पाठ

शालेय शिक्षणाचा जीवनाशी संबंध जोडण्यास परिसरातील सण हे उत्तम साधन होय. सोलापूर जिल्ह्याच्या अनेक गावांत मार्गशीर्षातील अमावास्येस वेळ अमावास्या साजरी होते. शेतात कडब्याची खोप उभारून पूजा करतात. नंतर भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे व भाकरी यांचे भोजन होते. ज्यांना शेती नाही, त्यांना आग्रहाने बोलावण्याची रीत आहे. याच रीतीचा आधार घेऊन सणाच्या मागेपुढे शाळेने ग्रामस्थांसह सहभोजन योजावे. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी व गावातील तरुण माजी विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून त्याची व्यवस्था पाहावी.

पूर्वतयारी : एक किलो पिठाच्या किती भाकरी होतात, हे स्वयंसेवकांनी आधी प्रत्यक्ष पाहावे. १२ झाल्या, तर ६० माणसांस प्रत्येकी दोन भाकरींसाठी १० किलो पीठ लागेल, हे त्यांनीच काढावे. आंबिलीची सिद्धता आदल्या दिवशीच करावी लागते. त्यातून पुढचा विचार करण्याची सवय लागते. जमलेल्या शिधासामग्रीची नोंद वहीत ठेवावी. मात्र कोणी किती दिले, हे जाहीर वाचू नये.

समवाय : मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे प्रसिद्ध वाण याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक कमी असतो. भज्जीतील तूर व हरभरा यांमुळे ती उणीव भरून निघते. भूगोल व आरोग्य या विषयांचे हे पाठ ताटावरच शिकविता येतात.

कार्यविभागणी : येथे शिक्षकाने विशेष दक्ष राहावे. मुलींनी भाकरी थापावी आणि मुलांनी वाढावे, अशी वाटणी नकळत होते. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत. पाणी भरणे, भाजी निवडणे, भाकरी करणे, वाढणे व भांडी घासणे ही कामे सर्वांच्या वाट्यास यावीत. चुलीजवळ मोठी माणसे असावीत. हात साबणाने धुऊनच अन्नास स्पर्श करावा.

पंगत : समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांतून अस्पृश्यतेस विरोध केला. साधे अन्न एका पंक्तीत बसून खाणे हीही समतेची कृती असते, हे त्यांनी दाखविले. पंगतीत ओळखीचे लोक आपापले घोळके करून बसतात. त्यासाठी जागाही चिठ्ठीनेच ठरवाव्यात. वृद्धांस व अपंगांस प्रथम वाढावे. स्वयंसेवकांनी शेवटच्या पंगतीस बसावे.

मूल्यमापन : दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा घ्यावी. हिशोब कोठे चुकला? अन्न किती उरले व का? कोणाच्या ताटाकडे दुर्लक्ष झाले? बोलावूनही कोण आले नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी त्या घरी आदराने जाऊन मिळवावे आणि पुढील वर्षाच्या तयारीचा आरंभ तेथूनच करावा.